ओला पुठ्ठा

पटकन पेट घेणारा माल विमानानं पाठवायचा असेल तर तो कसा बांधायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण आता ते मला कुणी विचारत नाही. चिंचोळी एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना आहे, तिथल्या पॅकिंग हॉलची मी प्रमुख होते. हॉल गेला, प्रमुखपद गेलं, नोकरी तेवढी उरली आहे. ती का उरली याचीच मला अलीकडे चीड येते.

आमचं घराणं मास्तरांचं. वडील मास्तर, दोन्ही काका मास्तर, नवरा ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा. लग्नकार्यात कुणी विचारलं की तू काय करतेस, आणि मी पॅकिंग म्हटलं, की समोरच्याचा चेहरा असा व्हायचा की जणू मी रद्दी विकते. धोक्याच्या मालाच्या पॅकिंगची परीक्षा मी पास झाले तेव्हा माझ्या नणंदेनं अगदी प्रेमानं विचारलं होतं, "म्हणजे खोकी बांधतेस? त्याला परीक्षा कशाला द्यावी लागते?" सुरुवातीला मी समजावत बसायची. वेफर्सचं पाकीट घाटात कसं टम्म फुगतं, पाहिलंय ना? विमान तर त्याच्या कितीतरी वर जातं. वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो, बाटलीतला माल झाकणाला आतून रेटायला लागतो. म्हणून बाटली काठोकाठ भरायची नाही, झाकणावर टेप मारायची, प्रत्येक बाटली वेगळ्या पिशवीत घालायची आणि खोक्यात अभ्रकाचा भाजलेला हलका भुसा ओतायचा. चुकून एखादी बाटली गळलीच तर तो भुसा सगळं पिऊन टाकतो. खोकंसुद्धा साधं नसतं. उंचावरून आपटून, एकावर एक रचून तपासलेलं असतं, आणि तसा शिक्का त्याच्यावर छापलेला असतो. वर लाल चौकोनातली ज्वाळा आणि माल उभाच ठेवा म्हणून सांगणारे बाण. एवढं सांगेपर्यंत नणंद उठून दुसरीकडे गेलेली असायची. मग मी समजावणं सोडून दिलं.

आमच्या सोलापूरला आता होटगी रोडवरून विमानं उडतात, पण आमचा माल तिथून जात नसे. तो ट्रकनं मुंबईला जाई, तिथल्या कार्गोत एक माणूस प्रत्येक खोकं फिरवून फिरवून बघे, आणि त्याचं समाधान झालं तरच ते विमानात चढे. या माणसाला आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. पण हॉलमध्ये त्याचा धाक सासऱ्यासारखा होता. चिठ्ठी तिरकी लागली की बाया म्हणायच्या, "काढ ती, मुंबईचा बाबा घेणार न्हाय."

हॉलमध्ये सगळ्या बायाच होत्या. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातल्या दोघी, विजापूर वेशीतली एक, बाकीच्या आसपासच्या खेड्यांतून शहरात आलेल्या. पुरुष मी टिकू दिले नाहीत, खरं सांगते. पुरुषाला एक गोष्ट तीनदा सांगितली की त्याचा अपमान होतो. बायांना शंभरदा सांगितलं तरी त्या शंभराव्यांदा ऐकतात, कारण आयुष्यभर त्यांनी दुसरं काय केलेलं असतं.

यातल्या एकीबद्दल मला लिहायचं आहे. तिला सगळे वळसंगची म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सासरी वळसंगला थोरला दीर, त्याचं मोठं घर, शेती. तिथे तिला दोन वेळचं जेवण मिळत होतं आणि त्याच्या बदल्यात सकाळपासून रात्रीपर्यंत राबवून घेतलं जात होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण मुलगी दहावी झाली तेव्हा दिरानं आता पुरे म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात ही बाई मुलीला घेऊन अक्कलकोट रोडला एका खोलीत राहायला आली. मुलीला तिनं पॉलिटेक्निकला घातलं. दीर म्हणाला होता, "जा. पण परत ह्या उंबऱ्याच्या आत आलीस तर माझं ऐकावं लागंल." ती हे हसत सांगायची. नोकरी आहे तोवर खोली आहे, खोली आहे तोवर पोरगी शिकते, एवढा साधा हिशेब होता तिचा.

झाकणं बंद करण्याचं काम मी तिलाच दिलं होतं. मनगटात जोर होता आणि अंदाज होता. जास्त आवळलं तर झाकणाला चीर जाते, कमी आवळलं तर गळतं. तिनं बंद केलेली बाटली मी उलटी करून बघायचंही सोडून दिलं होतं, आणि माझ्यासारख्या संशयी बाईनं असं करणं म्हणजे काय ते हॉलमध्ये सगळ्यांना कळत होतं.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता पुण्याच्या ऑफिसातून साहेब आले. परदेशातल्या एका नव्या गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर होती. पहिला माल विनातक्रार पोचला तर पुढची कामं कायमची, आणि पॅकिंग चिंचोळीतच राहील. नाही पोचला तर पॅकिंग मुंबईच्या एखाद्या एजन्सीला देऊन टाकायचं, हॉल बंद. साहेबांनी हे बायांसमोरच सांगितलं. सांगताना हसत होते, म्हणजे बायांना हुरूप यावा म्हणून. मला त्यांच्या कानाखाली मारावीशी वाटली. बायांच्या पोटावर पाय ठेवायचा आणि वर प्रोत्साहन दिल्याचं समाधान मिळवायचं.

त्या दिवशी डबा संपत आला तेव्हा वळसंगची म्हणाली, "मॅडम, पोरीचं अजून एक वरीस हाय. तेवढं निघालं की मंग कायबी होऊ द्या." मी म्हटलं, निघेल. माल आपण बांधतोय ना, मग निघेल. मला खरंच तसं वाटत होतं.

माल आम्ही असा बांधला की त्याची नजर काढावी. पाण्यासारखा स्वच्छ, रंग नसलेला द्राव. एकेक बाटली पुसून, टेप मारून, पिशवीत घालून, भुशात बसवून. खोकी भरली, वजनं झाली, चिठ्ठ्या लागल्या, कागदांवर माझ्या सह्या झाल्या. ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा होता. खोकी हॉलच्या मधोमध फळीवर रचून ठेवली आणि आम्ही घरी गेलो. तो दुसरा दिवस खंडेनवमीचा होता.

खंडेनवमीला आपल्याकडे कारखाना बंद नसतो, पण कामही होत नाही. यंत्रं धुतात, झेंडूच्या माळा चढतात, दारात कोहळा फोडतात. आमच्याकडे पूजा मोठे मालक करायचे. त्यांनीच हा कारखाना उभा केला. आता कारभार मुलाकडे होता, ते वर्षातून या एका दिवशी यायचे. पांढरं धोतर, हातात काठी, मागे कुणीतरी ताट धरून. रिअॅक्टरपासून झाडूपर्यंत एकही वस्तू ते सोडत नसत. ज्यानं पोट भरतं त्या प्रत्येकाला हळदकुंकू. कुंकू पाण्यात कालवलेलं, दाट, आणि बोट चांगलं बुडवून लावायचे.

हॉलमध्ये आले तेव्हा वळसंगची लांब कोपऱ्यात उभी होती, ताटाला तिचा हातही लागला नव्हता. ते मालकांच्या सुनेच्या हातात होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर ते सगळे विसरले. वजनकाट्याला कुंकू लागलं, टेपच्या यंत्राला लागलं, आणि म्हातारा खोक्यांकडे वळला. मी पुढे झाले. म्हटलं, "मालक, खोक्यांना नको. विमानात घेणार नाहीत." ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "आगं, ह्यांच्यावरच तर तुमचं-आमचं चाललंय. त्यांनाच कोरडं ठेवायचं व्हय?" आणि सगळ्यात वरच्या खोक्यावर, लाल ज्वाळेच्या चिठ्ठीच्या शेजारी, हळदीचं एक आणि कुंकवाचं एक अशी दोन बोटं टेकवली. वर फुलानं पाणी शिंपडलं. मॅनेजर शेजारी हात जोडून उभा होता. त्याच्याकडे मी पाहिलं तर त्यानं डोळे मिटून घेतले, जणू देवळात उभा आहे.

लवाजमा पुढे कँटीनकडे गेला. मीही गेले, कारण सुपरवायझरांनी प्रसादाला हजर राहायचं असतं. परत आले तेव्हा वळसंगची फळीपाशी ओल्या फडक्यानं खोकं पुसत होती. खसाखसा पुसत होती, ताट घासावं तशी. कुंकू निघालं नव्हतं. ते पसरलं होतं. चिठ्ठीच्या कडेपासून खोक्याच्या कोपऱ्यापर्यंत लालसर-पिवळा ओघळ, आणि तेवढ्या भागातला पुठ्ठा फुगून मऊ पडलेला. मी बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटला.

"डाग ऱ्हायला तर मुंबईचा बाबा घेत न्हाय की," ती म्हणाली. "म्हणून पुसलं."

ती म्हणत होती तो माझाच धडा होता. डाग म्हणजे गळती. कुठला डाग, कशाचा डाग, हे विचारायचं नाही, डाग दिसला की खोकं बाद. हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं होतं. तो धडा ती मन लावून शिकली होती. कुंकू सुकू दिलं असतं तर खडखडीत वाळलेला एक ठिपका राहिला असता, कदाचित चाललंही असतं. पुसल्यामुळे तो गळतीसारखा दिसायला लागला.

मी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, हे एक खोकं बदलावं लागेल. तर शिक्क्याची जादा खोकी नव्हती. मी किती वेळा सांगितलं होतं की जास्तीची मागवून ठेवा, ती पुण्याहून यायची होती आणि पुण्याला दसऱ्याची सुट्टी. म्हटलं, मग ट्रक थांबवा. तो म्हणाला, विमानातली जागा आधीच धरली आहे, पुन्हा कधी मिळेल कुणास ठाऊक. म्हटलं, निदान ते एक खोकं मागे ठेवा, उरलेल्यांचे कागद मी नव्यानं करते. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला पहिल्याच खेपेला अपुरा माल पाठवायचा? आणि मग ते ऐकवलं जे मी सोलापुरात जन्मापासून ऐकत आले आहे. "चालतंय की, मॅडम. वाटेत सुकंल." या एका शब्दावर आमचं गाव उभं आहे. रस्ता खचला, चालतंय की. नळाला पाणी आलं नाही, चालतंय की. मी आरडाओरडा केला, अगदी गेटपर्यंत ऐकू जाईल असा. ट्रक गेलाच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन आला. मुंबईचा बाबा. आवाज तरुण होता, नम्र होता आणि मराठी होता. सगळी खेप अडवली आहे म्हणाला, एका खोक्यावर डाग आहे आणि पुठ्ठा ओलावलेला आहे. मी म्हटलं, अहो, ते कुंकू आहे. खंडेनवमीचं. आतला माल पाण्यासारखा आहे, त्याला रंगच नाही, तो लाल कसा गळेल?

तो म्हणाला, "मॅडम, मलाही घरी आई आहे. परवा मी स्कूटरला कुंकू लावूनच ड्यूटीवर आलो. मला कळत नाही का? पण पुठ्ठा मऊ पडलाय. त्याच्यावर दुसरी चार खोकी रचली तर हे दबणार. वर विमानात काय झालं तर कुंकू होतं असं मी कुणाला सांगू?"

त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि इतक्या गोडीनं केलं नसतं. विमानात माणसं असतात. कुणाची तरी पोरं असतात. हा नियम ज्यांनी केला त्यांनी उगाच केलेला नाही, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. म्हणून तर जास्त हताश व्हायला होतं. नियम चुकीचा असता तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. म्हातारा दुष्ट असता तर त्याला घातल्या असत्या. त्यानं बिचाऱ्यानं आमच्यासाठीच हात जोडले होते. मुंबईच्या माणसानं त्याचं काम केलं, वळसंगचीनं तिचं काम केलं, आणि या सगळ्या भल्या माणसांनी मिळून जे केलं त्याला तोड नव्हती.

चौकशी बसली. पुण्याचे साहेब आले, आता हसत नव्हते. गिऱ्हाइकाला कळवायचं होतं की चूक कुणाची. वळसंगचीला आत बोलावलं, ती दाराशी चपला काढून आली. खोकं कुणी ओलं केलं, असं विचारल्यावर "मी केलं" म्हणाली. एवढंच विचारलं आणि एवढंच तिनं सांगितलं. मी उठून म्हटलं की कुंकू मोठ्या मालकांनी लावलं, मी नको म्हटलं होतं, आणि ओलं खोकं पाठवू नका म्हणून ओरडत होते ते अख्ख्या कारखान्यानं ऐकलंय. मॅनेजर म्हणाला, "मालकांनी लावलं ते शुभच की. हिनं पुसलं ते ओलं झालं." साहेबांनी मान डोलावली. दुपारी कँटीनमध्ये आणखी एक ऐकलं. विधवेनं कुंकू पुसलं, मग दुसरं काय होणार. ते कोण बोललं ते मला दिसलं नाही, दिसलं असतं तर हातातला पेला फेकून मारला असता. वळसंगची तिथेच बसली होती. तिनं डबा बंद केला आणि हात धुवायला गेली.

पंधरवड्याच्या आत हॉल बंद झाला. विजापूर वेशीतली ड्रायफ्रूटच्या दुकानात लागली, विणकरांच्या घरातल्या दोघी परत विड्या वळायला बसल्या. मी वळसंगचीसाठी खूप फिरले. एमआयडीसीत ओळखीच्या एकाही गेटवर जायची राहिले नाही. सगळीकडे आधी विचारायचे, तिथून का काढलं? मी सांगायचे, आणि समोरचा माणूस कुंकवाशी येऊन थांबायचा. दोन ठिकाणी हसले. एका ठिकाणी म्हणाले, बघू, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर तिनं खोली सोडली.

वळसंग इथून काय लांब? एसटीनं अर्ध्या तासाचा रस्ता. मुलगी तिथून रोज कॉलेजला येऊ शकली असती. मी तसं म्हटलंही. वळसंगची म्हणाली, "मॅडम, यष्टी हाय. पर भावजी न्हाय म्हणत्यात." उंबऱ्याच्या आत गेली होती ना ती. आता ऐकावं लागणार होतं.

मला कंपनीनं काढलं नाही. माझ्याकडे परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट आहे, मुंबईच्या एजन्सीशी बोलायला कुणीतरी लागतं. काचेच्या केबिनमध्ये बसते, फोन करते, त्यांनी पाठवलेले खोक्यांचे फोटो बघते. हॉलमध्ये आता रिकामी पिंपं ठेवतात. मी तिकडून जात नाही. घरी नवरा म्हणतो, तू फार मनाला लावून घेतेस, सगळीकडे असंच असतं. सगळीकडे असंच असतं हेच तर मला सहन होत नाही, पण हे त्याला सांगायचाही आता कंटाळा आला आहे. पूर्वी मी भांडायची. आता सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की चिंचोळी येईपर्यंत खिडकीबाहेर बघते आणि काही दिसत नाही.

उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका आली. मुलीची. शेवटची परीक्षा राहिलीच. मी जाणार नव्हते, पण गेले. दिराच्या घरापुढे मांडव, आत कानडी-मराठी मिसळून गलका. मुलगी नटून बसली होती. मला बघून तिनं उठून नमस्कार केला, आणि मी तिला सुखी राहा म्हटलं. दुसरं काय म्हणायचं ते मला आजही सुचलेलं नाही. नवरामुलगा बरा होता. ते बघूनही मला बरं वाटलं नाही.

पंगत बसली. वळसंगची हुग्गीचं भांडं घेऊन वाढत होती, गव्हाची ती गुळातली खीर. माझ्यापाशी आली तेव्हा वाकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, एक इचारू? आपला त्यो माल. त्याचं पुढं काय झालं? फेकून दिला का?"

"नाही," मी म्हटलं. "खोकं बदललं आणि गेला."

"इमानात?"

"हो."

"बाटल्या त्याच?"

"त्याच. तू बंद केलेल्या. तिकडे उघडून बघितल्या त्यांनी. एक थेंब सांडला नव्हता."

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिनं माझ्या ताटात हुग्गी वाढली, वर तूप घातलं. मग पळी तशीच हातात धरून उभी राहिली.

"मंग आमाला कशापायी काढलं ओ?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच समजून घ्यायचं होतं तिला.

पुढच्या पानावरच्या माणसानं हुग्गी मागितली, आणि ती वाढायला पुढे गेली.